दीपाला कुणी विचारलं?

(देवणी येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

स्मृतिव्याख्यानासाठी टीव्ही मालिकेतलं एक जोडपं विषय म्हणून घ्यावं, हे काही जाणत्या श्रोत्यांना खटकेल. मराठवाड्यातल्या व्याख्यानमालांना सवय आहे ती संतवाङ्मयाची, हैदराबाद मुक्तिसंग्रामाची, पाण्याच्या प्रश्नाची. ते विषय मोठे आहेतच. पण संध्याकाळी सात ते दहा या वेळेत देवणीच्या कुठल्याही गल्लीतून चालत जावं, तर उघड्या दारांतून नवरा-बायकोची भांडणं ऐकू येतात आणि त्यातली बहुतेक मालिकांतली असतात. ज्या घरात नवऱ्यानं बायकोला समोर बसवून "तुझ्या मनात काय आहे" असं कधी विचारलेलं नसतं, त्याच घरात एका काल्पनिक बाईच्या मनात काय चाललंय यावर सासू, सून, कॉलेजात जाणारी मुलगी आणि दारात बाजेवर टेकलेले आजोबा अशी सगळी मिळून बोलत असतात. संसार कसा मोडतो, कसा जुळतो आणि कुणी कुणाला कधी माफ करायचं, याची एवढी नेमानं चालणारी शाळा आज दुसरी नाही. त्या शाळेत काय शिकवलं जातं हे तपासणं म्हणूनच गरजेचं आहे.

तपासायला जोडपं घेऊ दीपा आणि डॉक्टर कार्तिक इनामदार यांचं. 'रंग माझा वेगळा' ही त्यांची मालिका स्टार प्रवाहवर ३० ऑक्टोबर २०१९ रोजी सुरू झाली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये संपली. दीपाचं काम रेश्मा शिंदे यांनी केलं, कार्तिकचं आशुतोष गोखले यांनी, आणि गोऱ्या रंगाचा हट्ट धरणाऱ्या सासूचं, सौंदर्या इनामदारचं, हर्षदा खानविलकर यांनी. दीपा सावळी आहे, गुणी आहे. कार्तिक तिच्यावर प्रेम करून लग्न करतो. मग त्याचा असा समज होतो की तो बाप होऊच शकत नाही. त्याच सुमारास दीपाला दिवस जातात. कार्तिकच्या मनात एकच हिशोब बसतो: मूल माझं नाही, म्हणजे बायको फितूर आहे. दीपा घराबाहेर पडते. तिला जुळ्या मुली होतात. एक तिच्याजवळ गरिबीत वाढते आणि दुसरी इनामदारांच्या घरात बापासमोर वाढते, पण ही आपलीच मुलगी आहे हे बापाला ठाऊक नसतं.

देवणीच्या प्रेक्षकाला या गोष्टीत एक जास्तीची गंमत मिळते, कारण हा तालुका सीमेवरचा आहे. पलीकडे बिदर जिल्हा, थोडं पुढे तेलंगण. इथल्या घरांत सोयरीक भालकीची असते, औरादची असते, हैदराबादेत नोकरीला गेलेल्या मुलांची बिऱ्हाडं असतात. अशा घरातल्या बाईला माहीत असतं की दीपाचीच गोष्ट तेलुगूत 'कार्तिक दीपम' नावानं २०१७ पासून चालू होती आणि तिकडचे लोक त्या जोडप्याला 'डॉक्टर बाबू' आणि 'वंटलक्का' म्हणून ओळखत. मूळ मालिका मल्याळमची, 'करुत्तमुत्तु', म्हणजे काळा मोती. एशियानेटवर ती २०१४ साली आली. कन्नडमध्ये तीच गोष्ट 'मुद्दुलक्ष्मी' झाली, तमिळमध्ये 'भारती कण्णम्मा', आणि हिंदीतही २०२० मध्ये थोडे दिवस ती येऊन गेली. भाषा बदलल्या, साड्या नेसायची पद्धत बदलली, देव्हाऱ्यातले देव बदलले. नवऱ्याचा संशय मात्र प्रत्येक भाषेत जसाच्या तसा चालला. कुठल्याही भाषेतल्या प्रेक्षकाला तो समजावून सांगावा लागला नाही. याचं दुःख वाटायला हवं.

मालिकेबद्दल बोलताना सगळे एकच वाक्य बोलतात: "दोघांत गैरसमज झालाय हो, तो दूर झाला की सगळं नीट होईल." वर्तमानपत्रांतल्या मालिकांच्या बातम्यांतही हाच सूर असतो. या व्याख्यानाचं म्हणणं असं की दीपा आणि कार्तिक यांच्यात जे घडलं त्याला गैरसमज म्हणणं हाच मोठा घोटाळा आहे. गैरसमज दोन्ही बाजूंनी होतो, नकळत होतो, आणि एका प्रश्नानं मिटतो. कार्तिकनं प्रश्नच विचारला नाही. त्यानं निकाल दिला. तो डॉक्टर होता. एखादा तपासणी अहवाल चुकू शकतो, तपासणी पुन्हा करता येते, हे शिक्षण त्यानं घेतलेलं होतं. रोग्याच्या बाबतीत जी शंका त्यानं सहज घेतली असती, ती बायकोच्या बाबतीत त्याला सुचली नाही.

मराठी रंगभूमीनं असला संशय फार पूर्वी पाहिला आहे. गोविंद बल्लाळ देवल यांनी १८९३ साली 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' हे गद्य नाटक लिहिलं आणि पुढे १९१६ साली त्याचंच 'संगीत संशयकल्लोळ' झालं. मूळ कल्पना फ्रेंच नाटककार मोलिएरच्या सतराव्या शतकातल्या एका प्रहसनाची. इंग्रजीतून ती देवलांपर्यंत पोचली. रस्त्यात चक्कर आलेल्या रेवतीला फाल्गुनराव सावरतो, हे त्याची बायको कृत्तिका पाहते आणि संशय घेते. मग रेवतीच्या हातून पडलेली अश्विनशेटची तसबीर कृत्तिकेला सापडते. ती बघत असताना नवरा बघतो, आणि आता त्याला संशय येतो. शंभर वर्षांहून जास्त काळ मराठी माणूस या नाटकाला पोट धरून हसत आलाय.

हसू येतं याचं कारण नीट पाहिलं पाहिजे. एक, तिथं संशय दोघांनाही येतो. कृत्तिका नवऱ्याला तितक्याच जोरानं जाब विचारते. दोन, पडदा पडायच्या आत सगळा उलगडा होतो. कुणाचं आयुष्य वाया जात नाही, कुणाचं मूल बापाविना वाढत नाही. तोच संशय एकतर्फी झाला आणि मुली शाळेत जाण्याएवढ्या मोठ्या होईपर्यंत चालला, की त्यातलं प्रहसन संपतं. तरीही दैनंदिन मालिका त्याला नाव गैरसमजाचंच देते.

असं का होतं, यामागे धंद्याचं गणित आहे आणि ते समजून घेतल्याशिवाय लेखकांना दोष देणं अन्यायाचं होईल. नाटकाला तीन तास भरायचे असतात. रोजच्या मालिकेला आठवड्याला पाच-सहा भाग द्यावे लागतात. जाहिराती वगळून प्रत्येक भाग वीस-बावीस मिनिटांचा. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. पुढच्या काही भागांची बँक हाताशी ठेवावी लागते, नाहीतर कलाकार आजारी पडला की प्रक्षेपण अडतं. दर आठवड्याला बार्कचे प्रेक्षकसंख्येचे आकडे येतात आणि आकडे घसरले की ठरलेला ट्रॅक बदलतो. अशा घाईत सगळ्यात स्वस्त पडतो तो गैरसमज. त्याला नवा सेट लागत नाही, नवं पात्र लागत नाही. दाराआडून अर्धवट ऐकलेलं एक वाक्य, चुकून उघडलेलं एक पाकीट, फोन लागत नाही असा एक प्रसंग, एवढ्यावर महिना निघतो. जाहिरातीआधी नवऱ्याचा चेहरा, जाहिरातीनंतर बायकोचा चेहरा. एकानं तोंड उघडून विचारलं तर कथाच संपेल, म्हणून कुणी विचारत नाही. धंद्याची ही अडचण खरी आहे. ती घरात शिरते आणि माणसांना वाटू लागतं की संसारात असंच असतं, मनातलं बोलायचं नसतं, योग्य वेळ आली की आपोआप कळतं. हा परिणामही तेवढाच खरा आहे.

चांगल्या मनाचा अबोलाही मालिकांनी भरपूर वापरला. २०१२ मधल्या 'एका लग्नाची दुसरी गोष्ट'मध्ये घना आणि राधा करार करून लग्न करतात आणि खरोखर प्रेमात पडल्यावरही ते लवकर बोलून दाखवत नाहीत. दहा वर्षांनी 'ठरलं तर मग'मध्ये अर्जुन आणि सायली पुन्हा कराराचं लग्न करतात आणि समोरचा फक्त करार पाळतोय असं दोघांनाही वाटत राहतं. हे अबोले गोड आहेत. त्यांत कुणी कुणाला पायरीवरून खाली ढकललेलं नाही. म्हणून दीपाच्या गोष्टीशेजारी त्यांना बसवता येत नाही.

दीपाच्या गोष्टीत संशयाच्या आधीपासून काहीतरी होतं. इनामदारांच्या घरात ती आली तेव्हापासून तिच्या रंगाचा उद्धार चालला होता. सासूला ती नको होती. घरात वावरताना, ताट वाढताना, फोटोत उभं राहताना तिला जाणवून दिलं जात होतं की तू या घराच्या मापाची नाहीस. नांगरून ठेवलेल्या वावरात बी पडावं तसा तो संशय तिथं पडला. सिअॅटल इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन गॉटमन या मानसशास्त्रज्ञानं कैक वर्षं जोडप्यांना समोर बसवून त्यांचं बोलणं टिपलं. भांडण होतं की नाही, यावरून संसार टिकेल का हे कळत नाही, असं त्यांच्या अभ्यासातून दिसलं. सगळ्यात घातक ठरली ती तुच्छता, म्हणजे जोडीदाराला आपल्यापेक्षा खालचं समजणं. कार्तिक स्वतः दीपाला रंगावरून हिणवत नव्हता हे मान्य. पण ज्या घरात एका माणसाची किंमत रोज कमी केली जाते, तिथं त्या माणसाविषयी काहीही वाईट ऐकलं तरी ते पटायला वेळ लागत नाही. संकट आलं तेव्हा कार्तिकनंही घराचीच नजर उचलली. मालिकेला हे दाखवायची फार मोठी संधी होती. तिनं ती बऱ्याच अंशी खलनायिकेच्या कारस्थानांत घालवली. सावळेपणावरच्या मालिकेत अभिनेत्रीचा रंग मेकअपनं गडद करावा लागला, ही गोष्टही विसरता येत नाही.

आता माफीकडे येऊ. मालिकांत पुरावा मिळाला की नवरा रडतो, हात जोडतो, पार्श्वसंगीत वाढतं, आणि प्रेक्षक घरबसल्या म्हणतात, "कर बाई आता माफ, चुकला बिचारा." कळलं म्हणजे झालं, हा त्यातला हिशोब. भारताच्या सर्वोच्च न्यायालयासमोर २००३ साली महाराष्ट्रातल्या एका दांपत्याचं प्रकरण आलं होतं, ते इथं आठवलं पाहिजे. बायकोनं घटस्फोट मागितला होता. नवऱ्यानं कोर्टात दिलेल्या लेखी कैफियतीत तिच्या चारित्र्यावर घाणेरडे आरोप केले होते. पुढे त्यानं कैफियत दुरुस्त करून ते आरोप काढून टाकले आणि आता ते उरलेच नाहीत, असा पवित्रा घेतला. न्यायालयानं तो मानला नाही. असे आरोप करणं हेच गंभीर मानसिक क्रौर्य आहे आणि ते नंतर खोडल्यानं झालेली इजा भरून येत नाही, असं न्यायालयानं ठरवलं. नवऱ्याचं अपील फेटाळलं गेलं. कार्तिकलाही नंतर सत्य कळलं, पण मधली वर्षं दीपानं जगून काढली होती. सत्य कळण्यानं कार्तिकचा गैरसमज मिटतो. दीपाच्या बाजूला मिटण्यासारखा गैरसमज नव्हताच. तिला सगळं पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तिच्याकडे उरतं ते दुखणं, आणि ते अहवालानं बरं होत नाही.

माफी म्हणजे नेमकं काय, याचं एक सुरेख उत्तरही आपल्या न्यायालयानंच दिलेलं आहे, आणि तेही पुण्यातल्या एका दांपत्याच्या खटल्यात. साल १९७५. निकाल लिहिला न्यायमूर्ती यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी. हिंदू विवाह कायद्याच्या २३व्या कलमाप्रमाणे, ज्या क्रौर्याची तक्रार आहे ते तक्रारदारानं आधीच माफ केलेलं नाही ना, हे न्यायालयाला पाहावं लागतं. त्या खटल्यात तक्रार नवऱ्याची होती. बायकोचं वागणं क्रौर्याचं होतं हे न्यायालयानं मानलं, पण त्यानंतरही दोघं नवरा-बायको म्हणून नांदले, म्हणजे नवऱ्यानं ते पोटात घातलं, असं ठरवून त्याचं अपील फेटाळलं. माफीला दोन गोष्टी लागतात, असं हा निकाल सांगतो. पहिली, झालेली चूक क्षमा करणं. दुसरी, चुकलेल्या जोडीदाराला चुकीआधी त्याची जी जागा होती तिथं परत बसवणं. शिवाय ही माफी सशर्त असते. तसलं वागणं पुन्हा घडलं की जुनी तक्रार पुन्हा उभी राहते. कुणाला हे कोरडं कायद्याचं बोलणं वाटेल. पण संसारात मार खाल्लेल्या माणसाच्या बाजूनं इतकं नेमकं बोलणं क्वचितच ऐकायला मिळतं.

या दोन गोष्टी मनात ठेवून आपल्या गावांतल्या बैठका पाहाव्यात. पोरगी माहेरी येऊन बसली, की दोन्हीकडचे पाव्हणे जमतात, चहा होतो, मामा बोलतो, पोलीस पाटील बोलतो, जावई मान खाली घालून "चुकलं" म्हणतो आणि "झालं गेलं गंगेला मिळालं" असं म्हणून त्याच संध्याकाळी पोरीची पिशवी भरली जाते. म्हणजे दुसरी गोष्ट आधी उरकली. जागेवर परत बसवलं. पहिली गोष्ट, क्षमा, ती झाली की नाही हे कुणी विचारलंच नाही. आणि परत जागेवर बसवलं ते कुणाला? चुकलेला नवरा होता; त्याची जागा हललीच नव्हती. हलली होती ती पोरगी, आणि तिलाच उचलून ठेवलं गेलं.

दैनंदिन मालिकांचं सगळंच असं नाही. झी मराठीवर २०१३ ते २०१५ या काळात 'जुळून येती रेशीमगाठी' चालली. प्राजक्ता माळी यांनी केलेली मेघना वडिलांच्या धाकानं आदित्य देसाईशी लग्न करते, पण तिचं मन दुसऱ्यावर असतं आणि त्याचंही नाव आदित्यच असतं. नावाच्या या सारखेपणावर एखाद्या लेखकानं सहा महिने गैरसमज चालवला असता. इथं मेघना लग्नानंतर नवऱ्याला खरं सांगून टाकते. ललित प्रभाकर यांचा आदित्य ते ऐकून घेतो, दुखावतो, आणि त्या दुसऱ्या आदित्यला शोधायला तिला मदत करण्याचं कबूल करतो. पुढे दोघांत जे प्रेम उगवतं ते या ऐकण्यातून. मालिकेला प्रेक्षक कमी पडला नाही. म्हणजे पात्रं एकमेकांशी खरं बोलली तर गोष्ट मरते, हा समज तपासून घ्यायला हवा. आदित्यची क्षमा विशेष आहे, कारण मेघनानं त्याच्याविरुद्ध काही केलेलं नव्हतं, तरी त्याच्या वाट्याला दुःख आलं होतं आणि त्यानं त्याचा हिशोब तिच्याकडे मागितला नाही.

रुसवा आणि समजूत यांची मराठी मुलखाला फार जुनी ओळख आहे. आपल्याच मराठवाड्यातल्या पैठणला सातवाहनांच्या काळात हाल राजाच्या नावानं जी 'गाथासप्तशती' संकलित झाली, त्या महाराष्ट्री प्राकृतातल्या कितीतरी गाथा रुसलेल्या बायकोच्या आणि तिची मनधरणी करणाऱ्या नवऱ्याच्या आहेत. आणि देवणीतून वारीला जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असलेली कथा तर रुक्मिणीचीच. द्वारकेत कृष्णाजवळ राधेला पाहून रुक्मिणी रुसली आणि दिंडीरवनात निघून गेली. तिला परत आणायला कृष्णानं निरोप पाठवला नाही, दासींचं शिष्टमंडळ गेलं नाही. देव स्वतः तिला शोधत आला, आणि इथलाच होऊन राहिला. पंढरपुरात विठ्ठलाचं आणि रुक्मिणीचं देऊळ वेगळं का, याचं कारण भाविक हेच सांगतात. ज्यानं दुखावलं त्यानं चालत यायचं, एवढी मूलभूत रीत या कथेत आहे. आपल्या बैठकांत उलटं होतं. दुखावलेली चालत जाते.

क्षमेचं दुसरं टोकही मराठी मनात पक्कं बसलेलं आहे. राम गणेश गडकऱ्यांच्या १९१९ च्या 'एकच प्याला'मधली सिंधू दारूड्या सुधाकरसाठी सगळं सोसते, त्याच्याच हातून मार खाऊन मरते, आणि मरताना त्याला वाचवण्यासाठी फौजदारापुढे खोटं बोलते. बालगंधर्वांनी ती सिंधू अशी उभी केली की पिढ्या रडल्या. गडकऱ्यांना सिंधूच्या सोसण्यातून दारूचं भीषण रूप दाखवायचं होतं. समाजानं मात्र सोसणंच आदर्श म्हणून उचललं. शंभर वर्षं मराठी सुनांना सिंधूच्या मापानं मोजलं गेलं.

त्याला छेद दिला तो अलीकडच्या एका मालिकेनं, आणि त्याबद्दल तिचं मोकळ्या मनानं कौतुक केलं पाहिजे. 'आई कुठे काय करते' ही मालिका स्टार प्रवाहवर २३ डिसेंबर २०१९ पासून ३० नोव्हेंबर २०२४ पर्यंत, म्हणजे जवळपास पाच वर्षं चालली. बंगाली 'श्रीमोयी'वरून ती घेतली होती. त्याच गोष्टीची हिंदी 'अनुपमा' देशभर पाहिली गेली. मधुराणी प्रभुलकर यांच्या अरुंधतीला लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाच्या सुमारास कळतं की नवऱ्याचे, अनिरुद्धचे, त्याच्या सहकारी संजनाशी संबंध आहेत. यात गैरसमज कुठेच नाही. सगळं खरं आहे. अरुंधती घटस्फोट घेते, गाणं पुन्हा सुरू करते, आणि पुढे घरातून विरोध होत असतानाही दुसरं लग्न करते. तिनं अनिरुद्धवर सूड उगवला नाही. सासू-सासऱ्यांशी तिनं माया तोडली नाही. मुलांचा बाप म्हणून त्याच्याशी बोलणं ठेवलं. पण बायकोच्या जागेवर ती परत गेली नाही. चंद्रचूडांच्या निकालातल्या दोन गोष्टींपैकी एक तिनं दिली आणि एक दिली नाही, आणि तसं करण्याचा तिला पूर्ण अधिकार होता. मालिका पुढे फार लांबली, तिचे फाटे वाढले, हे खरंच आहे. तरी गावोगावच्या स्वयंपाकघरांत एक वेगळी बाई बसून गेली, जी म्हणाली की मी तुझं वाईट चिंतत नाही आणि तुझ्या घरात राहतही नाही. सिंधूनंतर हे वाक्य ऐकायला मराठी घराला शंभर वर्षं लागली.

याच मालिकांचा एक दोष मात्र सांगायलाच हवा. त्यांत घटस्फोट एका सहीनं होतो. टेबलावर कागद येतो, बाई थरथरत्या हातानं सही करते, आणि संसार संपतो. प्रत्यक्षात परस्पर संमतीच्या घटस्फोटाची तरतूदच हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीनं आली. आधी वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं, अर्ज दिल्यावर सहा महिने थांबावं लागतं. हे सहा महिने विशिष्ट परिस्थितीत माफ करता येतात, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये सांगितलं. थांबायला लावण्यामागे विचार आहे: रागात घेतलेला निर्णय रागापुरता असू शकतो. जो कायदा संसार तोडायला एवढा वेळ देतो, त्याच्या देशात जोडायला मात्र आपण एक संध्याकाळ देतो.

देवणीचा आजचा संसार मालिकांतल्या बंगल्यांत होत नाही. तरुण नवरा पुण्याला कंपनीत किंवा हैदराबादेत, बायको इकडे सासू-सासऱ्यांजवळ, दिवाळीला आणि यात्रेला भेट. मधला सगळा संसार फोनवर. व्हॉट्सअॅपनं २०१४ च्या नोव्हेंबरात निळ्या खुणा आणल्या आणि 'वाचलं पण उत्तर दिलं नाही' हे भांडणाचं नवं कारण झालं. 'शेवटचं कधी ऑनलाइन होती' यावरून रात्री दोन वाजता चौकशा होतात. कृत्तिकेच्या हातातल्या तसबिरीची जागा आता डीपीनं घेतली आहे. फाल्गुनरावाला तसबीर निदान हातात घेऊन विचारता येत होतं. शेकडो किलोमीटरवरच्या नवऱ्याला आवाजावरून मनातलं ओळखावं लागतं, आणि दिवसभराच्या पाळीनंतर तेवढं त्राण त्याच्यात नसतं. अशा जोडप्यांना खरोखर गैरसमजांनी ग्रासलेलं आहे. त्यांना प्रश्न विचारायला शिकवणारी, ऐकून घ्यायला शिकवणारी गोष्ट हवी आहे. आदित्य-मेघनासारखी.

इथं तंटामुक्त समित्यांवर काम केलेले लोक बसलेले असतील. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झाली, आर. आर. पाटील तेव्हा गृहमंत्री होते. बांधाची, पाण्याची, भावकीची कितीतरी भांडणं त्यामुळे कोर्टाची पायरी न चढता मिटली. पण बांधाचं भांडण आणि नवरा-बायकोचं भांडण यांत एक फरक असतो. बांध एकदा आखला की दोघंही आपापल्या बाजूला राहतात. इथं समेट झाल्यावर दोघांना एका खोलीत झोपायचं असतं, आणि मार, शिवी, संशय यांची भीती त्या खोलीत शिल्लक असू शकते. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा म्हणूनच बाईला त्याच घरात सुरक्षित राहण्याचा हक्क देतो. मिटवून घ्या, एवढंच तो सांगत नाही.

म्हणून या व्याख्यानमालेच्या श्रोत्यांना एक विनंती. यापुढे कुठल्याही बैठकीत पोरीला सगळ्यांसमोर "माफ केलं का?" असं विचारू नका, वीस माणसांपुढे कोण नाही म्हणेल? तिला आधी एकटीला, एखाद्या जाणत्या बाईजवळ बोलू द्या. आरोप चारित्र्याचा असेल तर ज्यानं केला त्यानं तो ज्यांच्यासमोर केला त्यांच्याचसमोर मागे घ्यावा. परत पाठवायची तारीख त्याच दिवशी ठरवू नका. तिनं क्षमा केली आणि तरी परत जायचं नाही म्हणाली, तर तिला उद्दाम ठरवू नका. आणि तिला वकील हवा असेल तर खर्चाचं कारण सांगून अडवू नका: १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या १२व्या कलमाप्रमाणे कुठल्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो; त्यासाठी तालुका आणि जिल्हा पातळीवर विधी सेवा समित्या आहेत, आणि फोनवर विचारायचं असेल तर क्रमांक आहे १५१००.